‘कैसे लगी?’ : रस्ते अपघातानंतर पहिल्या तासापासून दाव्यापर्यंत

धाकटा भाऊ अन्नपूर्णा रस्त्यावरून स्कूटरने घरी येत होता. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे चित्ररथांच्या मिरवणुका, दोन दिवसांवर आल्या होत्या, त्यामुळे इंदूरभर गर्दी. एका लोडिंग रिक्षाने इंडिकेटर न देता उजवीकडे वळण घेतलं, स्कूटर तिच्या मागच्या कोपऱ्याला घासली आणि भाऊ डाव्या पायावर पडला. रिक्षावाला थांबला, ‘भिया, गलती हो गई’ म्हणाला, मोबाइल नंबरही दिला.

मी दवाखान्यात पोचायच्या आत आत्या पोचली होती. कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरने कागदावरची मान वर न करता विचारलं, ‘कैसे लगी?’ भावाने तोंड उघडायच्या आधीच आत्या म्हणाली, ‘गाड़ी स्लिप हो गई, साहब.’ तिच्या मनात एवढंच, की पोलिसांचं झंझट नको. डॉक्टरने ते तसंच लिहिलं आणि भावाला एक्स-रेला पाठवलं. नडगीचं हाड मोडलं होतं. हाड चार महिन्यांत जुळलं, पण कागदावरचे ते शब्द निस्तरायला आम्हाला चौदा महिने लागले.

मी वकील नाही आणि डॉक्टरही नाही. लोकांचे हिशेब लिहिते, त्यामुळे कागदांची सवय आहे. त्या चौदा महिन्यांत दवाखाना, थाना, विमा कंपनी आणि जिल्हा न्यायालय असं सगळीकडे हिंडून जे कळलं, ते क्रमाने लिहिते.

रस्त्यावर

आधी १०८ ला फोन करा, ती अॅम्ब्युलन्स. ११२ वर पोलीस आणि इतर मदत मिळते. बायपासला किंवा राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा महामार्गाचा मदत क्रमांक आहे. फोनवर जागा सांगताना ‘रिंग रोडला’ एवढं सांगून भागत नाही. जवळचा चौक, पेट्रोल पंप, दुकानाची पाटी, जे दिसेल ते सांगा.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ पंचा, रुमाल, ओढणी, जे हाताशी असेल ते जखमेवर ठेवून जोरात दाबा आणि दाबूनच ठेवा. थांबलं का, हे दर मिनिटाला कापड उचलून बघू नका, त्याने जमलेली गुठळी सुटते. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. जखमेत काच किंवा सळई रुतली असेल तर ती उपटू नका, तिच्या दोन्ही बाजूंनी दाबा. मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायाला मुंग्या असतील, तर त्या माणसाला घडी घालून ऑटोत कोंबू नका. आग लागण्याचा किंवा दुसरी गाडी अंगावर येण्याचा धोका असेल तरच हलवायचं, नाहीतर अॅम्ब्युलन्स येईपर्यंत डोकं आणि मान स्थिर धरून ठेवायची. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेटही ओढून काढू नका.

आणि पाणी पाजू नका. आपल्याकडे माणूस पडला की पहिल्या मिनिटात कोणीतरी बाटली घेऊन धावतो आणि ‘दो घूंट पी लो’ म्हणतो. त्यामागची माया खरी असते. पण अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या श्वासनलिकेत पाणी जाऊ शकतं, आणि तातडीने ऑपरेशन करायची वेळ आली तर भरलेलं पोट भूल देणाऱ्या डॉक्टरला नको असतं. ओठ ओले करा, तेवढं पुरे.

जीवाचं पाहून झालं की दोन मिनिटं मोबाइलची. स्वतः जमत नसेल तर उभ्या असलेल्यांपैकी एखाद्या तरुण पोराला सांगा, ‘बेटा, जरा फोटो काढ.’ समोरच्या गाडीची नंबर प्लेट, दोन्ही गाड्या जशा पडल्या आहेत तशा, रस्त्याचा एक लांबून फोटो ज्यात दुकानाची पाटी दिसेल, आणि चालकाचं लायसन्स. एमपी ०९ म्हणजे इंदूरची गाडी, एवढ्यावर समाधान मानू नका, पूर्ण नंबर हवा. तो एमपरिवहन अॅपमध्ये टाकला की गाडीचा विमा चालू आहे का ते दिसतं.

पाहणाऱ्यांपैकी कोणी नाव-नंबर देत असेल तर घ्या. लोक कचरतात, कारण साक्षीला खेटे घालावे लागतील अशी भीती असते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. जखमीला मदत करणाऱ्यावर त्या मदतीवरून खटला होत नाही, आणि त्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीची सक्ती करता येत नाही. गंभीर जखमीला वेळेत दवाखान्यात पोचवणाऱ्याला ‘राहवीर’ योजनेत २५,००० रुपयांचं बक्षीसही आहे. हे त्या माणसाला सांगा, त्याचा जीव थोडा हलका होतो.

जागेवरच्या तडजोडीबद्दल माझं मत असं. नुसतं मडगार्ड वाकलं असेल आणि अंगावर ओरखडा नसेल तर घ्या हजार-दोन हजार आणि जा घरी, त्यासाठी कोर्टकचेरी नको. पण अंगाला कुठेही मार लागला असेल तर एक्स-रे होईपर्यंत ना पैसे घ्यायचे, ना ‘काही झालं नाही’ असं लिहून द्यायचं. अपघातानंतर पहिला अर्धा तास अंगात इतकी भीती आणि तरतरी असते, की मोडलेल्या हाडावरही माणूस उभा राहतो. भाऊ स्वतःच्या पायाने ऑटोत बसला होता.

कॅज्युअल्टीच्या टेबलावर

माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची दहा मिनिटं हीच, आणि नेमकी याच वेळी घरची माणसं भांबावलेली असतात.

वाहनाने झालेली दुखापत ही वैद्यकीय-कायदेशीर बाब. दवाखान्यात तिला एमएलसी म्हणतात. डॉक्टर तुमची हकिकत, प्रत्येक जखम आणि वेळ नोंदवतो, तिला नंबर पडतो आणि थान्याला कळवलं जातं. सरकारी दवाखान्यात हे बहुतेक आपोआप होतं. खासगी दवाखान्यातही व्हायला हवं, पण तिथे ‘कशाला भानगड’ म्हणणारा एखादा भेटतोच. स्वतः विचारा, ‘एमएलसी हुई क्या? नंबर दे दीजिए.’ तो नंबर हातावर लिहून ठेवावा लागला तरी ठेवा.

डॉक्टरने ‘कैसे लगी’ विचारल्यावर पाच गोष्टी सांगायच्या: किती वाजता, कुठे, कोणत्या वाहनाने, कशी धडक बसली, आणि तुम्ही चालवत होता, मागे बसला होता की पायी होता. वाहनाचा नंबर माहीत असेल तर तोही. जे घडलं तेच सांगा. नसलेली धडक लावू नका, पण झालेली गिळूही नका. जखमी शुद्धीत असेल तर त्यालाच बोलू द्या. नातेवाइकांनी मायेपोटी केलेली सारवासारव पुढे उलटतपासणीत वाचून दाखवली जाते. आमच्या बाबतीत विमा कंपनीच्या वकिलाने आठ-दहा प्रश्न विचारले. त्यातला पहिलाच असा, की तुम्ही स्वतःच घसरून पडलात हे दवाखान्यात तुमच्याच माणसाने सांगितलं, खरं की खोटं?

लिहून झाल्यावर कागद वाचा. चुकीचं लिहिलं असेल तर तिथेच, त्याच वेळी, नम्रपणे सांगा. दुसऱ्या दिवशी तो डॉक्टर ड्यूटीवर नसतो आणि तिसऱ्या दिवशी रजिस्टर रेकॉर्ड रूममध्ये गेलेलं असतं.

नावाकडेही बघा. इंदूरच्या मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. कुलकर्णीचं कुलकर्नी, आठवल्यांचं आठवले-अठावले, बाळकृष्णचं बालकृष्ण, आणि मधलं वडिलांचं नाव कुठे लिहायचं यावर प्रत्येक खिडकीवर वेगळं मत. भावाचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेने आलं आणि शेवटी ‘हे तिघे एकच’ असं शपथपत्र करावं लागलं. आधार कार्ड पुढे करा आणि ‘इसमें जैसा है वैसा ही’ म्हणा.

दुखणारी प्रत्येक जागा सांगा. पाय मोडला असेल तर सगळ्यांचं लक्ष पायाकडे असतं, आणि मनगट, कान, हललेला दात यांचा उल्लेख राहून जातो. महिन्याने ‘मनगटही दुखतं’ म्हटलं तर ते या अपघातातलं आहे हे कशावरून? भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे हाड किंवा दात मोडणं, निखळणं ही ‘गंभीर दुखापत’ आहे. १५ दिवस तीव्र वेदना होणं किंवा रोजचे व्यवहार करता न येणं हेही त्यात येतं. साधी की गंभीर, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं.

आजी-आजोबा असतील तर रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का, हे न विचारता सांगा. हृदयासाठी अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेणाऱ्याच्या डोक्याला किरकोळ वाटणारा मारही डॉक्टर वेगळ्या नजरेने बघतात. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं का तेही विचारा.

पैशांचं. ‘पहले पुलिस को बुलाओ’ किंवा ‘पहले जमा करो’ म्हणून जीव धोक्यात असलेल्या माणसाला ताटकळत ठेवता येत नाही. पोलिसी सोपस्कारांची वाट न बघता आधी उपचार, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात सांगितलं. शिवाय मे २०२५ पासून केंद्राची रोखरहित उपचार योजना लागू आहे. मोटार वाहनाच्या अपघातातल्या जखमीला नेमलेल्या दवाखान्यात, अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार. दवाखाना योजनेत नसेल तर तिथे प्रकृती स्थिर करण्यापुरतेच उपचार यात बसतात. म्हणून दाखल होतानाच काउंटरवर विचारा की तुम्ही या योजनेत आहात का. आयुष्मान कार्ड किंवा स्वतःची मेडिक्लेम असेल तर तीही त्याच वेळी काढा. मेडिक्लेमवाल्यांना शक्यतो २४ तासांच्या आत कळवा. ऐपत नसेल, किंवा कुठे अडवलं, तर एम. वाय. रुग्णालय आहेच. गर्दी असते, पण तिथली कॅज्युअल्टी रात्रंदिवस असल्या केसेस बघते.

घरी सोडलं तरी

डोक्याला मार लागलेल्या माणसाला घरी पाठवलं तर पहिली रात्र कोणीतरी जवळ झोपा. पुन्हापुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, बोलण्यात गोंधळ, उठवूनही न उठणं, झटका, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं काही येणं, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. पोटाला हँडल लागलं असेल आणि पोट दुखत किंवा फुगत असेल, चक्कर येत असेल, लघवीतून रक्त जात असेल, तरीही तसंच. प्लास्टर घातलेल्या पायाची बोटं निळी-गार पडली किंवा वेदना औषधालाही जुमानेना, तर प्लास्टर घट्ट झालं असेल, ताबडतोब परत जा. म्हाताऱ्या माणसांत डोक्यातला रक्तस्राव कधीकधी दोन-तीन आठवड्यांनी कळतो. आजोबा अचानक विसराळू झाले, झोकांड्या खाऊ लागले, तर वयावर ढकलू नका.

थान्यात

अपघात ज्या थान्याच्या हद्दीत झाला तिथे एफआयआर. कोणत्याही थान्यात दिला तरी शून्य क्रमांकाने घेऊन योग्य ठिकाणी पाठवणं बंधनकारक आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते स्पष्ट लिहिलंय. त्याच कलमाखाली ऑनलाइनही माहिती देता येते, मात्र ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

‘जखमीच आला पाहिजे’ असं काही नाही. घरचं माणूस किंवा पाहणारा कोणीही फिर्याद देऊ शकतो. फिर्यादीत बढाचढाकर लिहू नका. लोडिंग रिक्षाने उजवीकडे वळताना इंडिकेटर दिला नाही, हे एक साधं वाक्य ‘अत्यंत भरधाव व बेदरकारपणे’ या ठोकळ्यापेक्षा जास्त कामाचं आहे. आमचा एफआयआर नवव्या दिवशी झाला, तोही भावाच्या ऑपरेशननंतर मी गेले म्हणून. विवेचकाने, म्हणजे तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याने, विचारलं, ‘पहले स्लिप, अब टक्कर?’ प्रश्न रास्त होता. उशीर झाला म्हणून दावा आपोआप बुडत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तसं म्हटलं आहे. पण उशिराचं कारण पटवून द्यावं लागतं, म्हणून ते एफआयआरमध्येच लिहून घ्या.

आम्हाला दोन गोष्टींनी वाचवलं. एक, समोरच्या किराणा दुकानदाराने गंमत म्हणून कॅमेऱ्याचं चित्रण मोबाइलवर घेऊन ठेवलं होतं. डीव्हीआरमधलं, म्हणजे कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरमधलं, जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून दुसऱ्याच दिवशी आसपासच्या दुकानांत जा, ‘हे पुसू देऊ नका’ अशी विनंती करा आणि पोलिसांना लेखी कळवा की अमुक दुकानात कॅमेरा आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्या. दुसरी गोष्ट, पोलिसांनी रिक्षाची तपासणी केली तेव्हा मागच्या कोपऱ्यावर भावाच्या स्कूटरचा निळा रंग लागलेला सापडला, नखाएवढा. पंचनाम्यात तो आला. ‘गलती हो गई’ म्हणणारा रिक्षावाला तोवर ‘मैं तो वहाँ था ही नहीं’ म्हणू लागला होता.

पोलिसांचंही एक वेळापत्रक आहे, बहुतेकांना ते ठाऊक नसतं. २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे जायला हवा. दरम्यान जखमीकडून एक फॉर्म भरून घेतात, त्यात उत्पन्न, खर्च, घरातली अवलंबून माणसं अशी माहिती असते. तो विवेचकाकडे आपण होऊन मागा. आणि इथल्या पोलिसांच्या तोंडचा ‘चालान’ म्हणजे दंडाची पावती नव्हे, आरोपपत्र. ‘चालान पेश हुआ क्या’ हे विचारत राहा.

स्कूटर थान्यात अडकली असेल तर न्यायालयातून सुपुर्दगीवर, म्हणजे लागेल तेव्हा हजर करायच्या हमीवर, सोडवता येते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम करायचा असेल तर सर्व्हेअर बघून जाईपर्यंत दुरुस्तीला हात लावू नका.

फाइल

एक प्लास्टिकची फाइल घ्या. भाजीच्या पिशवीत कागद कोंबून न्यायालयात येणारी माणसं मी पाहिली आहेत.

तीत काय ठेवायचं याची यादी प्रत्येक वकील देतो. मी फक्त जे राहून जातं ते सांगते. औषधाच्या दुकानातून चिठ्ठी नको, जखमीच्या नावाचं पक्कं बिल घ्या. मेडिक्लेमला मूळ बिलं द्यावी लागली तर आधी सगळ्यांच्या प्रती काढून त्यांवर दवाखान्याचा शिक्का घ्या. ड्रेसिंगला, फिजिओथेरपीला ऑटोने गेलात तर पैसे मोबाइलवरून द्या, म्हणजे तारखेसकट नोंद राहते. घरी मदतीला बाई ठेवली तर तिच्याकडून दरमहा सही घ्या. एक्स-रेच्या फिल्मा वाकवू नका. पहिल्या दिवसाचे फाटके कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा. आणि एक साधी वही: आज काय करता आलं नाही. भाऊ औषध कंपनीचा प्रतिनिधी, दिवसभर स्कूटरवर. ‘जिना चढलो नाही, तीन डॉक्टरांच्या भेटी रद्द’ असं तो दोन ओळींत लिहायचा. न्यायालयात ती वही पुरावा म्हणून फार चालली असं नाही, पण साक्ष देताना त्याला तारखा आठवल्या त्या तिच्यामुळेच.

उत्पन्नाचे कागद वेगळे: विवरणपत्रं, पगाराचा दाखला, बँकेचा उतारा, रजा कापल्याचं पत्र. छप्पन दुकान या इंदूरच्या खाऊगल्लीत ठेला लावणाऱ्याकडे यातलं काही नसेल तर न्यायाधिकरण सहसा किमान वेतनाच्या आसपास उत्पन्न धरतं. म्हणून दुकानाचा परवाना, माल घेतल्याची बिलं, मोबाइलवर आलेल्या पैशांची नोंद, जे असेल ते लावा.

कोणाकडे, कोणत्या वाटेने

समोरचं वाहन माहीत आहे आणि चूक त्याची, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली दावा. तो चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांविरुद्ध करतात. अपघात जिथे झाला तिथे, किंवा तुम्ही जिथे राहता तिथे करता येतो. इंदूरच्या माणसाला नाशिकजवळ अपघात झाला तरी दावा इंदूरच्या जिल्हा न्यायालयात चालतो, तारखांना महाराष्ट्रात जावं लागत नाही. मुदत अपघातापासून ६ महिन्यांची. या मुदतीलाच सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्याच्या भरवशावर बसू नका, सहा महिनेच धरून चाला.

चूक कोणाची हे सिद्ध करणं अवघड असेल तर कलम १६४. त्यात दोष दाखवावा लागत नाही, गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला ५ लाख. मात्र विमा कंपनीकडून ही रक्कम एकदा स्वीकारली की १६६ चा दावा संपतो. सहीआधी हिशेब करा.

गाडी उडवून पळाली आणि सापडलीच नाही, तर गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला २ लाख, अर्ज एसडीएमकडे (उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे). रक्कम तुटपुंजी आहे, पण लोक अर्जच करत नाहीत, कारण गाडीच सापडली नाही तर पैसे कोण देणार, असं त्यांना वाटतं.

मागे बसलेला माणूस दोन्ही गाड्यांविरुद्ध दावा करू शकतो, त्यातली एक चालवणारा स्वतःचा नवरा असला तरी. यात घरात भांडण लागत नाही, पैसे विमा कंपनी देते, फक्त पॉलिसीत मागे बसणारा धरलेला आहे का ते बघावं लागतं. आणि कोणीच धडकलं नाही, खड्ड्यात किंवा कुत्र्यामुळे पडलात, तर स्वतःच्या पॉलिसीतलं मालक-चालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर बघा. ते मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वापुरतंच आहे, पायाच्या प्लास्टरचा खर्च त्यातून निघत नाही.

रक्कम ठरते कशी? उपचार आणि बुडालेलं उत्पन्न हे सरळ. खरा फरक पडतो कायमच्या अपंगत्वात. समजा वय ३४, महिन्याला ३०,०००. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्याप्रमाणे ३१ ते ३५ वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला गुणायचा आकडा, १६. कमाईची क्षमता १५ टक्क्यांनी घटली असं न्यायाधिकरणाला पटलं तर ३,६०,००० गुणिले १६, त्याचे १५ टक्के, म्हणजे ८,६४,०००. भविष्यातल्या वाढीचा हिस्सा त्यावर वेगळा. पण अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरची टक्केवारी आणि कमाईतली टक्केवारी एक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार प्रकरणात नीट उलगडून सांगितलंय. पायाचं तेवढंच अपंगत्व माझ्यासारखीला, दिवसभर खुर्चीत बसणारीला, फार नडणार नाही. दिवसभर स्कूटर मारणाऱ्या भावाचं काम अर्ध्यावर येईल. म्हणून काम नेमकं काय होतं हे मालकाच्या पत्रासह मांडा, आणि प्रमाणपत्र देणारा डॉक्टर साक्षीला येईल का हे आधीच विचारून ठेवा.

खाटेशी येणारी माणसं

दाखल झाल्यावर दोन-तीन दिवसांत कोणीतरी वकालतनामा घेऊन येतं. ‘बस साइन कर दो, जो मिलेगा उसका इतना परसेंट.’ निकालाच्या रकमेवर टक्केवारीने फी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. कोऱ्या कागदावर सही करू नका, वकील स्वतः शोधा, फी लेखी ठरवा. परवडत नसेल तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरण आहे, मदत क्रमांक १५१००. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लागता तिथे मोफत वकील मिळतो, हे कित्येक वहिन्या-मावश्यांना माहीतच नसतं.

विमा कंपनीचा तपासनीस घरी येतो, गोड बोलतो, चहाही घेतो. त्याला हकिकत जरूर सांगा, पण एफआयआरमध्ये आहे तीच, आणि तो जे लिहून घेईल ते वाचल्याशिवाय सही नको.

लोक अदालत

बरीच प्रकरणं इथेच मिटतात, आणि मिटवणं वाईट नाही. पैसे लवकर मिळतात. मात्र लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून आकडा ऐकून तिथल्या तिथे मान डोलवू नका. आम्हाला पहिला जो आकडा सांगितला तो घ्यायला सगळे तयार होते, आत्या तर सर्वांत आधी. मी फाइल चाळत बसले होते. डिस्चार्जच्या कागदावर शेवटून दुसरी ओळ होती, दीड-दोन वर्षांनी रॉड काढण्याचं ऑपरेशन. तो खर्च कोणीच धरला नव्हता, आमच्या वकिलानेही नाही. आम्ही पुढची तारीख मागितली, सर्जनकडून खर्चाचं लेखी अंदाजपत्रक आणलं, आणि पुढच्या लोक अदालतीत ते जोडून प्रकरण मिटलं. ज्यांच्या अंगात रॉड, प्लेट, स्क्रू आहे त्यांनी एवढं तपासल्याशिवाय सही करू नये.

रॉड दिवाळीनंतर काढायचा आहे. दाखल होताना पुन्हा कोणीतरी विचारेलच, कैसे लगी. आत्या म्हणते, मीही येणार, पण या वेळी तोंड उघडणार नाही.